नुसतं आडवं पडायचंय

— आणि ती फुलं आधी खाली ठेव, फोल्कमार, पाणी गळतंय चादरीवर. तिकडे, बादलीत. क्लबचा अध्यक्ष झालास तरी एवढं कळू नये? आता आलाच आहेस तर हे टोक धर. ताण. जरा जोर लाव की, इस्त्रीच्या रोलरमध्ये सुरकुती गेली की ती तशीच बसते, मग हॉटेलवाली लीनहार्टबाई मला ऐकवते, लाँड्री चालवतेस की गंमत करतेस म्हणून. नाही, गेबहार्ट घरी नाहीये. सांगितलं ना एकदा. असता तरी मी हाक मारली नसती. काय म्हणालास मघाशी — 'नुसतं आडवं पडायचंय'? परत म्हण. म्हण ना, ऐकायला गंमत वाटतेय मला.

म्हणजे तुमचा तो नवा पैलवान, ज्याच्या दंडांचे फोटो तुम्ही बेकरीच्या काचेवर लावलेत, तो बोट मोडून घरी बसला. आणि सगळ्यात हलक्या गटातला आजारी. एक वजनगट रिकामा राहिला तर चालतं, दोन राहिले की न लढताच हरलो — मला नको नियम शिकवूस, तुझा बाप अध्यक्ष होता तेव्हापासून तुमचे घामट पोशाख मीच धुतेय. आणि आज संध्याकाळी हरलात की खालच्या लीगमध्ये. अरेरे! म्हणून वजनकाट्यावर उभं राहायला कुणीतरी वजनदार हवा — आणि मग आठवला माझा नवरा, गेबहार्ट. त्यानं कुस्ती सोडल्यापासून रस्त्यात दिसला तर गाडीतून नुसता हात हलवायचास. आज फुलं! अरे, मयताला आणतात तसली फुलं आहेत ती.

निरोपाच्या भाषणात काय म्हणाला होतास — 'झळाळती कारकीर्द'? कसली रे झळाळती? हा मुळात जड माणूसच नव्हता. छपरं घालणारा माणूस, कौलांवरून मांजरासारखा चालायचा. पण तुमच्याकडे भारी गटाला कुणी नव्हतं, तर तुझा बाप माझ्याच स्वयंपाकघरात बसून म्हणाला, "रोसविटा, याला खायला घाल." घातलं. मूर्खच मी. लोणी काय, डुकराचं मांस काय, सकाळ-संध्याकाळ बटाटे — फुगवला माणूस. तरी दुसऱ्या गावांतले ते जन्मजात राक्षस याच्यापेक्षा मोठेच. ते याच्या छातीवर बसायचे, आणि हा डोकं आणि टाचा गादीला रोवून पाठीची कमान करायचा आणि छताकडे बघत राहायचा. वीस वर्षं! जिंकायचं नाहीच, फक्त खांदे टेकू द्यायचे नाहीत — कारण चीत झाला की क्लबचे जास्त गुण जाणार, नुसता हरला की कमी. तेवढ्या फरकासाठी माझा नवरा! कुठल्या हॉलचं छत गळतं, कुठल्या दिव्यात मेलेल्या माशा आहेत, ते विचार त्याला, तेवढं तोंडपाठ आहे. आणि एकदा, एकदाच, देशाच्या संघाच्या सराव शिबिराला बोलावणं आलं, तर नेमकी त्याच शनिवारी तुमची हाल्डेनबाखशी लढत. तुझा बाप म्हणाला, "तूच ठरव, गेबहार्ट." असं गोड बोलणारी माणसं मी चांगली ओळखते. आणि आमचे हे त्यागमूर्ती! पत्र घडी करून खिशात टाकलं, विषय संपला. परत बोलावलं नाही कुणी. आणि शेवटी तुम्ही दिलंत काय? टोपलीभर सॉसेज. वर चकचकीत कागद.

हं, दुसरी चादर घे. मी? छे, मी कधी बघितली नाही कुस्ती. मी मागे, केकच्या टेबलाशी असायचे बायकांबरोबर, मला काय करायचंय त्या पुरुषांच्या मिठ्यांशी. फक्त तो हाल्डेनबाखचा हंगेरियन, भाड्यानं आणलेला, तो दाढीवाला — त्यानं याला उचलून आपटला तेव्हा — म्हणजे तेवढंच दिसलं, येता-जाता — हा खाली कमानीत, मान अशी वळलेली, कान गादीला, चेहरा बीटासारखा, आणि पंच पोटावर पालथा पडून खांद्याखाली बघतोय, फट आहे का — आणि होती, फोल्कमार! शेवटची घंटा झाली तरी होती! अख्खा हॉल उभा राहिला होता. केकची सुरी माझ्या मुठीत राहिली होती, लीनहार्टबाईनं माझं एकेक बोट सोडवलं. रडत नव्हते मी. तिला वाटलं तसं.

त्याच रात्रीपासून डावा हात. कप सुटतो त्याच्या हातातून. मी प्लास्टिकचे आणलेत, त्याला सांगितलं, काचेचे धुवायचा कंटाळा येतो. शर्टाची बटणं मी लावते — हे गावात कुणाला बोललास तर याद राख. छपरावर चढत नाही आता, लोकांना सांगतो, मुकादम झालो म्हणून. डॉक्टर म्हणाले, त्या मानेवर परत वजन आलं तर हात गेला समजा, आणि नुसता हात गेला तर नशीब माना.

काय? म्हणूनच तर आडवं पडायचंय? शिट्टी झाली की पाठ टेकायची, की मोकळा? अरे, तू त्याला ओळखतोस की नाही? त्याला ते येत नाही! झोपतोसुद्धा कुशीवर. दाताच्या डॉक्टरनं खुर्ची मागे केली तर हा अर्धा उठून बसतो. आणि तुम्ही त्याला तुमच्या त्या गादीवर, अख्ख्या गावासमोर — ताण की चादर, सोडलीस कशाला? कुणाकडे बघतोयस?

गेबहार्ट. केव्हापासून उभा आहेस जिन्यात? हो, म्हटलं मी, घरी नाही म्हणून. मग? आणि ती पिशवी कसली? — विचारतेय मी, पिशवी कसली. — बरं. बरं! क्लबसाठी. नुसतं पडायचंय, म्हणे. मग इथे पड. इथे, फरशीवर, ही चादर टाकते. हंगेरियन नाही, कुणी नाही अंगावर. दोन्ही खांदे टेकून दाखव, मग खुशाल जा, मी थांबवणार नाही. पड. — सावकाश. — हं. उजवा टेकला. आता डावा. — डावा, गेबहार्ट. — मान दुखते? मानेचं काही सांगू नकोस मला, मान रोज मी चोळते. — अरे, इथे पंच नाही, गुण नाहीत, मीच आहे रे फक्त. टेक ना. एकदा टेक. माझ्यासाठी —

फोल्कमार, तू नीघ. त्याच्याकडे असा बघू नकोस. नीघ म्हटलं ना.