डिकी नसलेली गाडी

पुरवणी जबाब
दि. १६ ऑक्टोबर २०२५, पुणे

मी मच्छिंद्र दत्तोबा पायगुडे, वय ४७ वर्षे, व्यवसाय नोकरी (पाटबंधारे खात्यात आरेखक), राहणार वारजे, पुणे. आज सकाळी स्वतःहून पोलिस ठाण्यात आलो असून समक्ष सांगतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नी तनुजा हिच्यासह राहतो. आम्हांला एकच अपत्य, मुलगी संस्कृती, वय १६ वर्षे. ती दि. ३ ऑक्टोबर रोजी रेसिंग गाडीच्या अपघातात मयत झाली. त्याबाबत माझा पहिला जबाब झालेला आहे. त्यात सांगितले ते खरे आहे, पण अपुरे आहे. राहिलेला भाग मला काल समजला.

संस्कृती लहानपणापासून कार्टिंग, म्हणजे छोट्या गाड्यांच्या शर्यती, करत होती. यंदा देशात ज्युनिअर मुलांसाठी ओपन-व्हील गाड्यांची राष्ट्रीय स्पर्धा पहिल्यांदाच सुरू झाली. या गाडीची चाके बॉडीच्या बाहेर असतात, जागा एकाच माणसाची असते आणि वर छत नसते. पाय लांब करून जवळजवळ आडवे बसावे लागते. निवड चाचणीतून पुण्याच्या एका टीमने तिला घेतले. टीमचे मालक रणजित जगदाळे. वर्कशॉप शिवण्यात आहे. पहिल्या फेरीत ती नववी आली, दुसरीत पाचवी, तिसरीत तिसरी. तिसऱ्या फेरीनंतर तिचा फोन आला होता. "पप्पा, कप अगदीच पिटुकला आहे. मम्मीला सांगा, देव्हाऱ्यात मावेल." हंगामाची शेवटची फेरी नोव्हेंबरात होती.

तिच्या गाडीचे काम वैजनाथ उत्तरेश्वर घुगे हा मेकॅनिक पाहत असे. तो मूळचा परळीकडचा. संस्कृतीची उंची कमी असल्यामुळे तिचा पाय ब्रेकवर नीट पोचत नव्हता. वैजनाथने पेडलवर एक लाकडी ठोकळा बोल्टने बसवून दिला होता. ती त्याला वैजूदादा म्हणत असे. "ताई, उंची पाच फूट न्हाई अन् ब्रेक हाणतीस ट्रकवाल्यावानी," असे तो तिला म्हणत असे. त्यावर ती "तू पेडल नीट लाव, मग बोल" असे म्हणायची. त्यांच्यात कधी वाद झाल्याचे मी पाहिलेले नाही.

दि. २ ऑक्टोबरला दसरा होता. टीमने वर्कशॉपमध्ये हत्यारांची आणि गाडीची पूजा ठेवली होती. आम्ही तिघे गेलो होतो. पूजेचे साहित्य माझ्या पत्नीने घरून नेले होते. तिने दोन सुपाऱ्या मांडल्या, एक हत्यारांपुढे आणि एक गाडीपुढे.

येथे आमच्या घरातली रीत सांगणे जरुरीचे आहे. दसऱ्याला गाडीपुढे मांडलेली सुपारी आम्ही वर्षभर त्याच गाडीत ठेवतो. पुढच्या दसऱ्याला नवी ठेवतो आणि जुनी पाण्यात सोडतो. माझ्या वडिलांच्या ट्रॅक्टरमध्ये ती हत्यारांच्या खणात असे. माझ्या स्कूटरमध्ये डिकीत असते. त्यात कोणाला काही वावगे वाटलेले नाही.

पूजा झाल्यावर पत्नीने विचारले, "हिची डिकी कुठे आहे?" सगळे हसले. संस्कृती म्हणाली, "मम्मी, हिच्यात मी कशीबशी मावते, डिकी कुठली?" पत्नी म्हणाली, "मग देवाला काय खिशात घालून फिरायचं?" तेव्हा वैजनाथ म्हणाला, "काकू, द्या इकडं. आमच्या हत्यारांच्या पेटीत ठिवतो. पेटी गाडीसंगंच फिरती." पत्नी बरं म्हणाली. तिला पेटीत सुपारी ठेवताना मी पाहिले. नंतर सगळे पेढे घ्यायला आणि फोटो काढायला बाहेर गेलो. पत्नी ताट आवरायला आत राहिली होती.

दुसऱ्या दिवशी खडकवासल्याच्या अलीकडे टीमने भाड्याने घेतलेल्या खाजगी धावपट्टीवर गाडीची चाचणी होती. मी रजा घेतली होती. पत्नी आली नव्हती. तिने संस्कृतीसाठी थालीपीठ दिले होते. ते चाचणीनंतर खाते असे संस्कृती म्हणाली. वैजनाथने गाडी तपासली. तो पोटावर झोपून आत हात घालून पेडल दाबून पाहत होता, हे मी पाहिले. नंतर तिला पट्टे बांधले. पहिला फेरा तिने हळू मारला. दुसऱ्या फेऱ्याला सरळ पट्टीच्या शेवटी गाडीने वेग कमी केला नाही. ती समोरच्या भिंतीवर गेली. मी कुंपणाबाहेर होतो. वैजनाथ माझ्या आधी पोचला आणि त्यानेच पट्टे कापले. पुढचे हॉस्पिटलच्या कागदांत आहे.

थालीपिठाचा डबा माझ्याजवळ होता.

गाडीच्या पुढच्या भागाचा चुरा झाला होता. ठोकळाही फुटला होता. ब्रेक पेडलच्या मागे एक कठीण तपकिरी तुकडा अडकलेला सापडला, त्यामुळे पेडल पूर्ण दाबले गेले नाही, असे तपासात आले. पंचनाम्यात त्याची नोंद लाकडाचा तुकडा अशी आहे. मला फोटो दाखवला तेव्हा मलाही ते लाकूडच वाटले. ठोकळा नीट न बसवल्याबद्दल वैजनाथवर गुन्हा दाखल झाला. त्याला अटक होऊन जामीन मिळाला आहे. टीमने त्याला कामावरून काढले आहे.

दहाव्याच्या दिवशी रणजित जगदाळे घाटावर भेटायला आले होते. ते म्हणाले, "पायगुडे साहेब, तुम्ही कशातच पडू नका. ठोकळा त्याने लावला, तुकडा ठोकळ्याचा. विषय संपला." वैजनाथही घाटावर आला होता. तो लांब उभा होता. तो पिंडाला नमस्कार करून कोणाशी न बोलता निघून गेला. माझा भाऊ रामदास त्याच्या अंगावर धावून जात होता. त्याला मी धरले.

काल तेरावा झाला. पाहुणे गेल्यावर पत्नी देवघर आवरत होती. ती म्हणाली, "अहो, गाडीतली सुपारी तशीच राहिली. सुतकात बोलले नाही. पोलिसांकडून मागून आणा, पाण्यात सोडू."

मी म्हणालो, "ती वैजनाथच्या पेटीत ठेवलीस ना?"

"ती हत्यारांपुढची. गाडीची गाडीतच नको का? तुम्ही सगळे बाहेर होतात तेव्हा ठेवली. आत पुढे काळा स्पंज आहे ना, त्याच्या फटीत खोचली." मग ती म्हणाली, "देव पायाशी ठेवू नये, कळतं मला. पण दुसरी जागाच नव्हती. पायाखाली नाही ठेवला, पायापुढे ठेवला."

तिने नंतर विचारले, "मिळेल ना हो ती?" मी बघतो म्हणालो.

वैजनाथला पेटीत सुपारी दिसत होती. त्यामुळे दुसरी गाडीत असेल असे त्याला वाटण्याचे कारण नव्हते. स्पंजाच्या फटीतली वस्तू पेडल दाबून पाहिले तरी हाताला लागली नसती. पहिल्या फेऱ्यात ती निघून पुढे घरंगळली असावी. हा माझा अंदाज आहे.

आज पोलिस उपनिरीक्षक मॅडमनी माझ्या विनंतीवरून सदर तुकडा पिशवीतून न काढता मला दाखवला. त्याच्या फुटलेल्या बाजूला पांढऱ्या आणि तपकिरी वळणदार रेघा आहेत. फुटलेली सुपारी आतून तशी असते. लाकूड तसे नसते. वरच्या बाजूला बारीक खाचेत लाल आहे. ते कुंकू असावे. तपासणीला उपयोग व्हावा म्हणून त्याच पुड्यातली, त्याच दिवशी माझ्या स्कूटरपुढे मांडलेली सुपारी मी डिकीतून काढून हजर केली आहे. आता माझ्या डिकीत काही नाही.

हे सांगण्यासाठी कोणी दबाव आणला आहे काय, असे मला विचारण्यात आले. नाही. वैजनाथने किंवा त्याच्या घरच्यांनी माझ्याशी संपर्क केलेला नाही. या सांगण्याचा परिणाम काय होईल याची जाणीव आहे काय, असेही विचारण्यात आले. आहे.

पेडलमागचा तुकडा ठोकळ्याचा नाही आणि वैजनाथच्या हातून चूक झाली नाही, असे माझे म्हणणे आहे. त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही.

पत्नीने जे केले ते मुलीला जपण्यासाठी केले. पेडलमागे काय सापडले हे तिला माहीत नाही. मी सांगितलेले नाही. ती वर्तमानपत्र वाचत नाही, फोनही बंद ठेवते. तिचा जबाब घ्यावा लागेल असे मॅडम म्हणाल्या. तो घरी येऊन घ्यावा, मॅडमनी स्वतः घ्यावा आणि येण्याआधी मला कळवावे, म्हणजे मी तिला आधी सांगेन, एवढी विनंती आहे. दिवाळी चार दिवसांवर आहे. दिवाळीनंतर आलात तरी चालेल, असे मी म्हणणार होतो. पण तोपर्यंत वैजनाथवर तो आरोप तसाच राहील. म्हणून तशी विनंती करत नाही.

मॅडमनी हा मजकूर मोठ्याने वाचला आणि मी शेजारी बसून ओळीवर बोट ठेवून पाहत गेलो. दोन ठिकाणी "मयत मुलगी" होते, तिथे मी "संस्कृती" करून घेतले. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे आहे आणि खरे आहे.

घरी मी दळण आणायला जातो असे सांगून निघालो आहे. गव्हाचा डबा येताना गिरणीत ठेवला. गिरणी दुपारी बंद होते. सही केल्यावर मी डबा घेऊन घरी जाईन.

(सही)
मच्छिंद्र दत्तोबा पायगुडे