पाठीचं माप

नाही गं, रागावलेले नाहीत ते. चेहराच तसा झालाय त्यांचा. नवीन गिऱ्हाईक आलं की हेच विचारतं — काका चिडलेत का — आणि हे तिकडे काउंटरमागे बसून मनातल्या मनात हसत असतात, पण ओठच वर जात नाहीत, मग कुणाला कसं कळणार? मला कळतं. तुझ्या आईशी गप्पा चालल्यात बघ, म्हणजे आज खुशीत आहे स्वारी. तू पडदा ओढून घे आणि या स्टुलावर उभी राहा. तोंड आरशाकडे. टाचण्या लावतेय तोवर हलू नकोस हं — लग्न तोंडावर आलं आणि तू मात्र वाळतच चाललीस, कंबरेत पुन्हा आत घ्यावा लागणार ड्रेस. काय? पाठ? हो, बंद केली मी. तू मागून खोल गळा सांगितला होतास, आहे लक्षात माझ्या — पण झालं काय, कापड कमी पडलं. होतं असं कधीकधी. बंद पाठही शोभून दिसते, भारदस्त वाटते. हात वर कर बघू, बगलेत काचतंय का पाहते. अजून वर. अजून — बरं, राहू दे. तेवढाच जातो? डावा? डावा जातो. ठीक आहे. उजवा पहिल्यापासून असाच का गं? बॅग अडकवून, हो, असेल, बॅगेनेच असेल. वरच्या फळीवरचं काही काढताना मग दुसरा हात लावतेस का खालून, टेकू दिल्यासारखा? नाही, सहज विचारलं.

आमचे हे तसंच करायचे. मी बघायचे आणि काही वाटायचं नाही, कारण मी शिंपीण ना — शर्ट बसला नाही म्हणजे शर्टाचं चुकलं, माणसाचं थोडंच चुकतं? यांचा उजवा खांदा उतरला, मी त्या बाजूला पातळ पॅड घातला. पुढच्या शर्टाला जरा जाड. पाठीचं हाड, हे फावड्यासारखं असतं ना, ते मागे निघायला लागलं, तर मी पाठीला चुणी घालून झोळ दिला. लोक म्हणायचे, काय फिटिंग आहे हो तुमच्या शर्टाचं. हेही ऐटीत फिरायचे. एवढं सुरेख शिवलं मी की आत काय चाललंय ते मलाही दिसेना. शेवटी फुगा फुगवता येईना तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. शेजारच्या पोराचा वाढदिवस, सगळे फुगे फुगवतायत आणि हे नुसते गाल हलवतायत, हवा ओठांतूनच फुस्स. आम्ही हसलो. मीही हसले. तुला शीळ घालता येते? घाल बघू. गंमत म्हणून. — बरं बरं, ओठ कोरडे असतील, पाणी देते नंतर.

मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं. तिथल्या डॉक्टरीणबाई गुणी होत्या, सावकाश बोलायच्या. मी म्हटलं, बाई, माझं शिक्षण शाळेपुरतं, मला उमगेल असं सांगा. त्यांनी विचारलं, काम काय करता? म्हटलं, शिवते. तर म्हणाल्या, मग तुम्हाला लगेच समजेल, नमुने ठेवता ना तुम्ही? वर बघ, मान नको हलवू, नुसते डोळे — ती दोरीने बांधलेली पुडकी, खाकी कागदाचे नमुने, सगळी कमाई आहे ती माझी. आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीत म्हणे असा अख्खा गठ्ठा असतो, सबंध शरीराचा. डोळ्यातल्या पेशीत हाडाचाही नमुना आणि हाडातल्या पेशीत डोळ्याचाही. मग डोळ्याचा डोळाच का होतो? तर कुठे कुठला नमुना उघडायचा आणि कुठला बांधून ठेवायचा, ते ठरलेलं असतं. आणि मूळ नमुना कुणी कात्रीखाली घेत नाही — मीही नाही घेत — पातळ कागदावर त्याची नक्कल काढायची आणि तिच्यावरून शिवायचं. सगळं गणित त्या नकलेचं. कधी काढायची, कुठे, किती. वटवाघळाचा पंख आणि माझा हा हात, नमुने म्हणाल्या बरेचसे तेच. उघडायची वेळ आणि जागा बदलत गेली, पिढ्यान्‌पिढ्या, कुणाला पंख फुटले, कुणाला कात्री धरायला अंगठा आला. मला तर ऐकून मौज वाटली. हे शेजारी खुर्चीवर बसलेले, आणि मी आपली वटवाघळात रमलेली.

मग त्यांनी खरं ते सांगितलं. त्या गठ्ठ्यात एक नमुना असतो. पोटात जीव धरला की अगदी सुरुवातीच्या दिवसांत तेवढा उघडतो, बाकीच्यांना जागं करतो, आणि मग त्याला आवळून बांधून टाकतात, जवळजवळ कायमचा. फार जुना. तोही मुळात म्हणे एक नक्कलच होती — आपण माणसं व्हायच्या कितीतरी आधीची गोष्ट — चुकून परत गठ्ठ्यात जाऊन चिकटली, कामाची निघाली, म्हणून राहिली. त्या नमुन्यावर दोरीचे वेढे असतात. तुला-मला भरपूर — म्हणजे मला तरी भरपूर. यांना अगदी मोजके. मग दोरी सैल पडते, आणि स्नायूंमध्ये, जिथे त्याचं काही म्हणता काही काम नाही, तिथे तो नमुना हळूच उघडतो. नक्कल निघते. त्या स्नायूला ती विषासारखी. आधी चेहरा, मग खांदे, मग पाय. बाहेरून काही आलेलं नाही, कुणाचं काही लागलेलं नाही, खाण्यापिण्याचा दोष नाही. ज्याने जागं केलं, तोच. यावर औषध अजून नाही. आणि मुलांकडे जातं — निम्म्यांकडे, नाणं उडवावं तसं.

आता बघ ना, आमचे हे झोपतात तेव्हा पापण्या पूर्ण मिटत नाहीत. खाली पांढरं दिसत राहतं. पहिल्यांदा मी घाबरून हलवलंच होतं त्यांना. आता सवय — काय? मैत्रिणी तुला चिडवतात? झोपेतही लक्ष ठेवते म्हणून? ... हसू नकोस गं. हस, हस, हसण्याला माझी ना नाही. तू हसतेस तेव्हा डावी बाजू नीट वर जाते. थांब, खांद्याला पॅड घालायचाय, उजव्या, तुझे वडील तरी निदान जिन्यावरून पडेपर्यंत स्वतःच्या पायांनी —

कुणी सांगितलं म्हणजे? तूच नाही का म्हणालीस, मागच्या ट्रायलला. वडील कडक होते, एकाही फोटोत हसलेले नाहीत, असं म्हणालीस — हो, पण जिन्याचं नव्हतं का बोललीस? नव्हतं? मग कुठेतरी ऐकलं असेल. या दुकानात काय, भिंतींनाही गप्पा येतात.

काय म्हणालीस? ... हो. खरंय. कापड कमी पडलं असतं तर पाठ उघडी राहिली असती, बंद कशी होईल. मला मेलं खोटंसुद्धा धड शिवता येत नाही.

तुझ्या आईचा फोन आला होता, जिन्याचं तिनेच सांगितलं. पाठ बंद करा, बाह्या सैल ठेवा म्हणजे हात किती वर जातो ते दिसायचं नाही, उजवीकडे पॅड घाला. मुलाकडच्यांना कशाला, म्हणाली, लग्न होऊन जाऊ दे. मी विचारलं, आणि पोरीला? तर फोनच ठेवून दिला. रडली असावी. तिच्यावर रागावू नकोस, बाळ. जिन्यावरून कोणीही पडतं, असं तिने इतकी वर्षं स्वतःलाच सांगितलंय. आणि मी तरी कोण, डॉक्टर थोडीच आहे? मी फक्त पाठ बघितली. टेपने मापं घेताना हाताला कळलं. रक्त तपासल्याशिवाय काही खरं नाही — नसेलही. हे नसेलही हं. आमच्या मुलीला मी सांगितलं तर दोन वर्षं बोलली नाही माझ्याशी. तपासलंही नाही अजून. घरी आली की झोपल्यावर मी तिच्या पापण्या बघते, चोरासारखी.

आले हं, ताई! झालंच, टाचण्या काढतेय!

ऐकलंस ना, आई बोलावतेय. कापड आहे. पाठ उघडी हवी तर उघडी करून देते, बंद हवी तर बंद, पॅड हवा तर पॅड. आता तिने सांगितलेलं नाही करणार मी, तू सांगशील ते. बोल. बरं, ठरवून सांग. डोळे पुसून घे. ही वरची टाचणी तेवढी — झालं. जा तू. ड्रेस राहू दे अंगावर. आणि जाताना यांना आत पाठव, म्हणावं काकूंनी बोलावलंय. उठायला वेळ लागतो त्यांना, टेबलाला धरून उठतात, मग पाय उचलून उचलून टाकतात. घाई करू नकोस त्यांना. ते आत येईपर्यंत थांब, नीट बघ कसे चालतात, आणि मग आईशी बोल.