ओला गिलावा

मुलगी : जबडा ठणकतोय, जिना चढला की जास्तच, असं फोनवर सांगत होतात तुम्ही. आणि मी काय म्हटलं? "बाबा, दात दाखवून घ्या." बाळ रडत होतं, ठेवून दिला फोन.

बाबा : दाखवले की. दातांचा डॉक्टर म्हणाला, दात ठणठणीत आहेत.

मुलगी : मग मला परत का नाही सांगितलंत?

बाबा : तुझा आवाज फार दमलेला होता. ते जाऊ दे. डॉक्टरबाई, दवाखान्यात आज पाचवा दिवस. दुखत काही नाही. सोडा मला घरी.

डॉक्टर : दुखायचं थांबलं म्हणजे संपलं असं नाही, काका. जबड्याचं ते दुखणं हृदयाचंच होतं; झटका आला तेव्हा हृदयाचा एक तुकडा मेला. तिथे आधी पांढऱ्या पेशींची एक जात धावते, मेलेलं फोडायला. त्या भरात शेजारचं चांगलंही थोडं फोडते.

बाबा : तोडकामाची टोळी!

डॉक्टर : मग दुसरी जात येते. मोठ्या पेशी. राडारोडा गिळतात, आणि त्यांतल्याच पुढे दुरुस्तीला लागतात.

बाबा : पण पहिल्या टोळीला थांब कोण म्हणतं? चाळीस वर्षं गवंडीकाम केलंय. तोडणारा आपणहून कधी थांबत नाही.

डॉक्टर : तिसरी जात. मोजक्याच असतात, पण "पुरे" म्हणतात. त्या कमी पडल्या तर सूज राहते, हृदयाची भिंत पातळ होते.

बाबा : मुकादम. पोटात... छातीत, इतकी माणसं कामाला, आणि मी समजत होतो एकटाच आहे.

मुलगी : डॉक्टर, आत्ता आत काय चाललंय? आज?

डॉक्टर : नवं भरण सुरू झालंय, पण मऊ आहे. हेच दिवस नाजूक. पक्कं व्हायला सहा-आठ आठवडे.

बाबा : ओला गिलावा. टेकायचं नाही.

मुलगी : आणि तुम्ही तिसऱ्या मजल्यावर एकटे बादल्या उचलणार! माझ्याकडे चला.

बाबा : तुझ्याकडे येऊन दिवसभर भिंतीकडे बघत बसू? ते माझ्या घरी जमतं. तुझ्या आईमागं तेच करतोय.

मुलगी : माझ्याकडे तरी कोण असतं, बाबा? हे येतात अंधार पडल्यावर. दिवसभर बोलायला सात महिन्यांचं बाळ. परवा गॅसवाला आला, त्याला उगाच पाच मिनिटं दारात उभं करून बोलत राहिले.

बाबा : डॉक्टरबाई, बाळाला उचललं तर?

डॉक्टर : उचलायचं नाही. कुणी मांडीवर दिलं तर चालेल.

बाबा : मग येताना घरून माझा ओळंबा आण गं. भिंती बघायच्याच, तर सरळ आहेत का तेवढं तरी बघेन.

डॉक्टर : छान. कागद तयार करते.

मुलगी : डॉक्टर, तुमच्या घरी कोण असतं?

डॉक्टर : आई. लांब, गावी. एकटीच असते, पण बरी आहे.

मुलगी : असं त्या म्हणतात. आज फोन करा त्यांना. आणि "बरी आहे" म्हणाल्या, की लगेच ठेवू नका.