झाडलेला काठ

आमची माणसं तीनशे वर्षांमागं इकडं आली म्हणतात, घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, तसंच चाललंय. वडील कावेरीकाठी जंगलखात्यात पहाऱ्याला होते, त्यांनी मला माग ओळखायला शिकवलं. चार बोटं नि नखं उमटलेली नाहीत तर रानमांजर, पाच बोटं, मधे पडद्याचा ठसा, मागं शेपटीची रेघ, तर पाणमांजर, आणि दगडावर विष्ठा दिसली तर काडीनं उकरून बघ म्हणायचे, नुसती माशाची खवलं निघतात. शाळेत काही शिकलो नाही, हे शिकलो.

बोम्मसंद्रा गावाच्या मागं एक तळं होतं, मासळीच्या ठेकेदारानं मला तिथं राखणीला ठेवलं. बायको वारलेली, मूलबाळ नाही. काय सांगू तुम्हाला, आठ आठ दिवस तोंडातून मराठी शब्द निघायचा नाही. नि एका सकाळी चिखलात ती पाच बोटं दिसली, मी तिथंच बसलो, म्हटलं आलीस का बाई, किती दिवसांनी कुणाशी तरी बोललो.

ठेकेदाराला कळतं तर सापळा लावला असता. मासे कमी का होतात रे, विचारायचा, मी म्हणायचो पाणकावळे अण्णा, पाणकावळे फार झालेत. आणि रोज उजाडताच खराटा घेऊन काठ झाडायचो, खवलं पाण्यात ढकलायचो, एक खूण म्हणून ठेवली नाही, दोन वर्षं.

मग कॉलेजातली एक बाई आली, वही घेऊन. अण्णा, इथं नीरनायी आहे का, म्हणाली, म्हणजे आपलं पाणमांजरच. मला वाटलं हिला ठेकेदारानंच धाडलंय. नाही अक्का, म्हटलं, कधी बघितलं नाही. ती बिचारी चिखल तुडवत सगळा काठ फिरली, मी तासाभरामागं झाडलेला. सरी, म्हणजे बरं, म्हणाली, काही नाही असं लिहिलं नि गेली.

कुठं पाणमांजर आहे नि म्हणून कुठली तळी राखायची त्याची यादी करत होती ती, हे मला मागाहून कळलं. आमचं तळं यादीत आलं नाही. लॉऱ्या आल्या, माती पडली, कारखान्याची भिंत उभी राहिली. नाल्यानाल्यानं दोन कोस शोधत गेलो, पाणमांजराचं एक बोट दिसलं नाही. माझ्याच हातानं घालवलं हो मी तिला.

आता शहरात मारतहळ्ळीला पुतण्याकडं असतो, सगळे कामाला जातात, दिवसभर मी एकटा. राग तरी कुणावर धरू. कुठं असेल तिथं सुखी असू दे ती, आणि कुणी विचारायला आलं तर हो, आहे, म्हणणारा माणूस तिथं असू दे.