भाऊजींचं आत्मचरित्र आणि काळा पडदा

हॅलो?… हो ताई, मीच बोलतोय… हळू, हळू. कॉम्प्युटरचा पडदा काळा म्हणजे पूर्ण काळा?… आणि संध्याकाळी मंडळी भाऊजींचं आत्मचरित्र ऐकायला येणार… हो, हो, खुर्च्याही मागवल्यास. अगं ऐक ना, मी काही यातला जाणकार नाही. माझा कॉम्प्युटर त्या दिवशी चालू झाला, तो बहुधा चुकून…

बरं. पंखा फिरतोय?… छतावरचा नव्हे गं, खोक्यातला!… फिरतोय. आणि मॉनिटरचा दिवा?… मग मॉनिटरची वायर काढून पुन्हा घट्ट बसव… ती माउसची, ताई… हां. दिसलं काही?… स्वतःचं तोंड? ते दिसणारच, काच आहे ती.

आता प्लग काढ. खोक्याचं झाकण उघड… शॉक नाही बसणार, बहुधा… बरं, ‘बहुधा’ मागे घेतो. आत फणीएवढी हिरवी पट्टी असेल, रॅम म्हणतात तिला. ती काढून खोडरबरानं पुसायची… चेष्टा नाही गं! गेल्या महिन्यात भाऊजींनाही हेच दाखवलं होतं… नाहीच? नुसती खाच?… चोर एवढीच पट्टी कशाला नेईल, ताई?

भाऊजी कुठायत?… न्हाणीघरात? सकाळपासून?… दाराच्या फटीतून फोन दे त्यांना.

नमस्कार भाऊजी… कुजबुजताय का?… पट्टी तुमच्या खिशात?… पण का?… किती लिहून झालंय?… ‘माझा जन्म’… आणि पुढे?… पूर्णविरामसुद्धा नाही? मग दोन वर्षं दार लावून काय करत होतात?… पत्ते. एकट्यानं… आणि तरी हरायचात?

बाहेर कोण रडतंय?… भाऊजी, तिला वाटतंय तुमचं सगळं लिखाण गेलं. दार उघडा आणि सांगा… छे, छे, मी नाही. मला खरंसुद्धा नीट सांगता येत नाही… जा. मी धरलाय फोन…

हॅलो?… हो ताई. सांगितलं?… अगं, फेकू नकोस काही! मंडळींना येऊ नका म्हणून कळवू?… येऊ देत? मग वाचणार काय?… तू? त्यांचं आयुष्य तू सांगणार?… अगदी पहिल्यापासून?… मुलाखतीला दोन वेगळे बूट घालून गेले, तेही?… आणि पोहायला शिकवायला निघाले होते तुला, ते?… अगं, पण त्यांना विचार तरी… कुठे पळाले?… पट्टी बसवली? स्वतः? आणि पडदा?… उजळला!

लिहायला बसले?… हो, येतोय बटणांचा खडखडाट इथपर्यंत… नाही, जेवायलासुद्धा हाक मारू नकोस. ठेव फोन… अगं, हळू ठेव!