सासऱ्याची कुऱ्हाड, जवायाची मशीन

(फोनवर. मनकर्णाबाई किन्हीराजाला, घरच्या अंगणात. त्यांची लेक साधना शेलूबाजारला, सासरी.)

मनकर्णाबाई : …सात वाजून दहा मिनिटांनी तुह्या बाबानं पहिला घाव घातला. मंग जवायानं लाकूड फाडाची मशीन चालू केली.

साधना : मंग म्हणजे? दोघांनी सोबतच सुरू करायचं ठरलं होतं.

मनकर्णाबाई : ठरलं होतं. पन जवाई म्हने, मोठ्या मानसाच्या आधी बटन कसं दाबू.

साधना : यांचं हे असंच. काल दिवसभर बजावलं, की बाबांना हरवल्याशिवाय घरी येऊ नका. शर्त तरी लोकांसमोर झाली ना?

मनकर्णाबाई : शेजारच्या गोविंदसिंगासमोर. तोच पंच हाय. दोघायपुढं बाभळीचे वीस-वीस ओंडके. मशीन आधी आटपली त तुहे बाबा उद्या वाशिमले जाऊन मोतीबिंदू काढून घेतीन. कुऱ्हाड आधी आटपली त अखाजीचा सण येईपर्यंत डोळ्याचं नाव कोनी काढाचं नाई.

साधना : आणि गाठीचे ओंडके सगळे बाबांच्या ढिगात टाकलेस ना?

मनकर्णाबाई : काल सांजीच टाकले, एकटीनं. कंबर गेली माही. आज त्यायनं ढिगावरून हात फिरवला अन् गोविंदसिंगाले म्हने, पाहा, हिनं पाव्हण्याचा मान ठेवला, सरळ लाकूड जवायाले देल्लं. असे खुश झाले न माय, गाणं म्हनत फोडून राह्यले.

साधना : अरे देवा. आकडा सांग.

मनकर्णाबाई : साडेसातले मशीन सोळा, तुहे बाबा पाच.

साधना : म्हणजे जिंकलोच. पण दिसत नाही तर पाच तरी कसे फुटले?

मनकर्णाबाई : आवाजावर फोडतात. लाकूड वाजवून पाह्यतात अन् घाव घालतात. पंधरा दिवसांमांगं असंच आवाजावर चपलेचं टोक तोडलं. अंगठा अर्ध्या इंचानं वाचला.

साधना : म्हणूनच म्हणते मी. आता तर नऊ वाजून गेले. निकाल कधी लागला?

मनकर्णाबाई : नाई लागला. मशीन सोळावरच हाय.

साधना : बिघडली?

मनकर्णाबाई : मशीन चांगली हाय. जवाई जेवून राह्यले.

साधना : काय?

मनकर्णाबाई : तुहे बाबा म्हने, पाव्हणे, जराक चहा घ्या. म्हनून मशीन थांबली. नुसता चहा कसा द्याचा, म्या शिरा केलता.

साधना : आई, तू कोणाच्या बाजूची आहेस?

मनकर्णाबाई : मशीनच्याच. पन जवाई दारात आला अन् उपाशी पोटी लाकूड फाडीन का? शिऱ्यावर पुऱ्या केल्या. पुऱ्यायसंगं वांग्याची भाजी. तिकून तुहे बाबा घाव घालून राह्यले अन् दर घावाले म्हनून राह्यले, 'मनकर्णे, जवायाले आनखी वाढ.'

साधना : आणि तू वाढतेस.

मनकर्णाबाई : हात आपोआप जाते.

साधना : ताट ओढून घे त्यांच्यासमोरून.

मनकर्णाबाई : जवायापुढचं ताट? तू शिकून येडी झाली वं.

साधना : यांना फोन दे.

हरीओम : हं, बोल.

साधना : कितवी पुरी?

हरीओम : अकरावी. मना करतो, पण मामी मानतच नाहीत.

साधना : बाबांचे किती झाले?

हरीओम : सतरा. थांब. अठरा. मामाजींचा हात पाहाले तू इथं पाहिजे होती, साधना. मी पुरी हातात घेऊन पाहतच राह्यलो.

साधना : तुमी पाहू नका, उठा. बाबांच्या पायाले काही झालं त मी तुमच्याशी बोलणार नाही. हात धुवा.

हरीओम : धुतो. मामी, भात राहू द्या. मामी, राहू द्या न.

साधना : हात धुवा म्हणते न मी.

मनकर्णाबाई : उठले वं. हात न धुताच पळाले. मशीन चालू झाली. सतरा. गोविंदसिंग दोन्हीकडं धावून राह्यला, टोपी पडली त्याची. अठरा. एकोणीस. तुहे बाबा बी एकोणीस.

साधना : बोलत राह्य. मोजत राह्य. आई? आवाज कुठं गेला? मशीन बंद पडली का?

मनकर्णाबाई : जवायानं बंद केली.

साधना : काहून?

मनकर्णाबाई : तुह्या बाबानं हात वर केला. शेवटच्या ओंडक्यावर एक घाव घातला, मंग तीन डाव वाजवून पाह्यलं. अन् मले हाक मारली.

साधना : काय म्हणतात?

मनकर्णाबाई : म्हंतात, 'मनकर्णे, चीर कुठं पडली, तेवढं सांग. मले दिसून नाई राह्यली.'

साधना : असं म्हणाले? सगळ्यांसमोर?

मनकर्णाबाई : सगळ्यायसमोर.

साधना : मग तू काय सांगितलं?

मनकर्णाबाई : अजून काई नाई. चीर मले दिसते. ते कुऱ्हाड उचलून उभे हायेत.