दादाचा खांब

हसायचं तर हसा, पण लाकडी मशिदीत माझी काय फजिती झाली ते ऐकाच. दादा जाऊन महिनाही झाला नव्हता. तो सुतार. मुळशीतल्या एका गावच्या शेकडो वर्षांच्या सागवानी मशिदीतला कुजलेला खांब त्यानंच बदलला होता. तो बघायचं मनात आलं आणि एसटीची वाटही न बघता मी पिरंगुटातून चालत सुटलो.

मशिदीत मुलाणीचाचा झाडत होते. मी कोण नि कशाला आलो ते सांगितलं. म्हणाले, "ये रं. पन तुझ्या भावानं तेल-काजळी चोळून नवा खांब जुन्यावानीच केलाय. वळखतूस का बघ."

"माझ्या दादाचा हात मी वळखणार न्हाई व्हय?" म्हणत मी एका खांबावर हात फिरवला आणि थेट मिठीच मारली. पोटभर रडलो. चाचांनी झाडणं थांबवलं.

मी डोळे पुसल्यावर ते हळूच म्हणाले, "तुझ्या दादाचा तो पल्याडचा. ह्यो माझ्या खापरपणज्याच्या बी आधीचा हाय."

मी चटकन मिठी सोडली. "चाचा, आदी का न्हाई सांगितलं?"

"आरं, ह्यो करनारा बी कुनाचा तरी भाऊच असंल. त्याच्यासाठी लई वर्सांत कुनी रडाय आलं नव्हतं. जा आता, तुझ्या दादाकडं जा."